ब्रेकबाई हप्ता वाढवून मागतात

शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. गावातले बाकीचे शिक्षक तो नाइलाज झाला की वापरत. बाई तो हक्काने वापरत. समोर कुत्रं आलं की ब्रेक, कुत्रं येईलसं वाटलं की ब्रेक, आणि शिकणाऱ्याने "मला येतं हो मॅडम" म्हटलं की मग तर हमखास ब्रेक. त्यामुळे तोंडावर मॅडम आणि पाठीमागे ब्रेकबाई असं त्यांचं नाव पडलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं.

"ब्रेकबाईच म्हणतात ना?" त्या म्हणायच्या. "आपटबाई तर नाही म्हणत?"

वय त्रेपन्न, केस कानापर्यंत कापलेले, काळा चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त. आवाज असा, की खिडक्या बंद असल्या तरी शेजारच्या गाडीतला माणूस आपोआप इंडिकेटर द्यायचा. चढाच्या टोकाला त्यांचं घर होतं. खाली दोन खोल्या, वर एक, आणि जिच्यासाठी ते घेतलं ती दारासमोरची गाडीपुरती जागा. त्याआधी चार घरं बदलून झाली होती. प्रत्येक घरमालकाचं एकच रडगाणं: "ती शिकाऊ पाटीची गाडी माझ्या फाटकासमोर नको, बघवत नाही." चौथ्या घरमालकाला बाईंनी सांगितलं, "नका बघू. आता मी माझ्याच फाटकासमोर लावीन." आणि एक्केचाळिसाव्या वर्षी वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन खरंच लावली.

बाईंची एक आवडती गोष्ट होती. लाल सिग्नलला गाडी थांबली, की प्रत्येक शिकाऊ माणसाला ती एकदा तरी ऐकावी लागे.

"कर्ज घेऊन पाचेक वर्षं झाली असतील. व्याजदर असे चढायला लागले, जसं काही कोणी मागे लागलंय त्यांच्या! बँकेतून फोन, मॅडम, तुमचा हप्ता वाढणार. म्हटलं, असा कसा वाढणार? मला विचारलंत? गेले सरळ. काउंटरवर हात आपटला. म्हटलं, माझा हप्ता एका पैशाने जरी वाढला, तर ही गाडी तुमच्या दारात आडवी लावीन आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तुमची कीर्ती सांगत बसेन. साहेबाचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, बरं मॅडम, नाही वाढवत. आणि नाही वाढवला! सगळ्या गावाचा वाढला, माझा आजतागायत तोच आहे. हिरवा झाला, निघ. क्लच सोड. सोड म्हणजे फेकू नकोस!"

ही गोष्ट त्यांचे यजमानही सांगायचे, फक्त थोड्या हळू आवाजात. ते हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी दाबायच्या मोठ्या मशीनवर होते. दिवसभर वाफेत उभं राहून त्यांचा स्वभाव अगदी मऊ झाला होता आणि हाताला एकच खोड लागली होती: दिसेल त्याची घडी घालायची. वर्तमानपत्राची, पिशवीची, बिस्किटाच्या रिकाम्या पुड्याचीसुद्धा. "आमच्या हिने बँकेला पाणी पाजलं," असं ते लाँड्रीत सांगत आणि हातातल्या अभ्र्याची चौथी घडी घालत.

मग कधी नव्हे ते दर उतरायला लागले.

बातम्यांत तेच, चहाच्या टपरीवर तेच. बँकांच्या पाट्या बदलल्या, पाटीवरची हसरी कुटुंबंसुद्धा अजून जोरात हसायला लागली. आणि दर रविवारी घरी यायला लागले गव्हर्नर. हे बाईंचे धाकटे दीर. नोकरी नळ आणि फरशांच्या दुकानात, पण व्याजदरावर बोलताना आवाज असा लावत, की जणू दर ठरवायच्या कागदावर सकाळी सही त्यांनीच केली. म्हणून घरात त्यांचं नाव गव्हर्नर.

"वहिनी, पाव टक्का खाली आलेत."

"मग मी काय करू? औक्षण?"

"कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं. पण आत्ता नाही. थांबायचं. मी सांगेन तेव्हा."

बाईंनी ते कानाआड केलं असतं. पण त्याच आठवड्यात त्यांच्याकडे एक नवी मुलगी शिकायला आली. दुसऱ्या एका बँकेत ती गृहकर्जाच्या टेबलावर बसायची. बाईंनी लगेच तिचं बारसं केलं: कर्जवाली. हाताला बरी, पण चढावर गाडी थांबली की तिला घाम फुटायचा.

एका सकाळी बाईंनी तिला चढाखाली बाजूला गाडी लावायला सांगितली आणि श्वास घेऊ दिला. गप्प बसणं जमत नाही म्हणून विचारलं, "काय गं, कर्ज हलवतात म्हणजे नक्की काय करतात?"

कर्जवालीच्या चेहऱ्यावर एकदम रंग आला. चढ विसरून ती बाईंकडे वळली. "सोपं आहे मॅडम. आमची बँक तुमच्या जुन्या बँकेचं कर्ज फेडते, आणि मग तुम्ही आम्हाला फेडता, आमच्या दराने. सध्या आम्ही पाच वर्षं दर बांधून देतोय. बाहेर वर जाऊ दे, खाली जाऊ दे, तुमचा तोच. तुमची मुदत किती उरलीय?"

"आठ वर्षं."

"बघून सांगताय की अंदाजाने?"

"विसातून बारा गेले की आठ उरतात. यात अंदाज कसला?"

"तरी एकदा विचारा ना मॅडम. दर वाढले होते ना मध्ये..."

"माझा हप्ता नाही वाढला," बाई अभिमानाने म्हणाल्या, आणि आता ती गोष्ट सांगणार एवढ्यात कर्जवालीचा चेहरा बघून थांबल्या. शिकाऊ माणूस समोरचा खड्डा बघतो तेव्हा त्याचा चेहरा असा होतो. बाईंनी फोन काढला, जुन्या बँकेला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सोळा वर्षं, मॅडम," पलीकडचा मुलगा म्हणाला.

"चुकताय तुम्ही. आठ."

"सोळाच दिसतायत."

"बाळा, विसातून बारा गेले किती राहतात?"

"आठ, मॅडम."

"मग?"

"पण तुमचे सोळा राहिलेत." पलीकडे थोडी खुडखुड ऐकू आली. "तुमच्या खात्यावर सूचना आहे ना. 'कोणत्याही परिस्थितीत हप्ता वाढवू नये.' म्हणून प्रत्येक वेळी दर वाढला की आम्ही मुदत वाढवली. मेसेज गेले असतील तुम्हाला."

बँकेचे मेसेज बाई न वाचता उडवत असत. बँकेला आपण सरळ केलंय, आता ती काय बोलणार, असा त्यांचा हिशेब.

बाईंनी फोन ठेवला. मग कर्जवाली अगदी हळू म्हणाली, "व्याज वाढलं आणि हप्ता तेवढाच राहिला, की तो हप्ता बहुतेक व्याजातच जातो. मुद्दल जागचं हलत नाही. असे बरेच जण असतात मॅडम."

"बरेच जण काउंटरवर हात आपटून मागून घेतात का?"

कर्जवालीने नजर पुन्हा चढाकडे वळवली.

त्रेपन्न अधिक सोळा. एकोणसत्तर. बाईंचा हात आपोआप उजव्या गुडघ्यावर गेला. तीस वर्षं दुसऱ्यांसाठी ब्रेक दाबून दाबून तो गुडघा आतून झिजला होता. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून सांगितलं होतं: जपलंत तर साठीपर्यंत ओढेल, पुढचं मी बोलत नाही. बाईंना तेव्हा फार काही वाटलं नव्हतं. साठीला गाडी बंद, एकसष्टीला कर्ज बंद, एक वर्ष कसंही निघेल. आता गाडी बंद झाल्यावर नऊ वर्षं हप्ते उभे होते. घर राहणार होतं ते कुणाच्या जिवावर?

"चल," त्या म्हणाल्या. "चढव गाडी."

त्या दिवशी कर्जवालीने चढ चढवला, वळणं घेतली, बाजाराच्या गर्दीतून गाडी काढली आणि दारात आणून लावली. उतरताना तिने भीतभीत विचारलं, "मॅडम, आज तुम्ही एकदाही ब्रेक मारला नाहीत?"

"आपटलीस का?"

"नाही."

"मग बोलू नकोस. उद्या वसूल करीन."

रात्री जेवताना बाईंनी यजमानांना सगळं एका दमात सांगितलं. ते आधी हसले. अगदी घास हातात धरून हसले.

"म्हणजे तू हात आपटलास आणि त्यांनी तुझं ऐकलं."

"हो."

"शब्दन्‌शब्द ऐकलं."

"हसा! अजून हसा. एकोणसत्तराव्या वर्षी हप्ता भरताना कवळी निघून पडेल, तेव्हाही हसा."

मग त्यांचं हसणं आपोआप विरलं. ताटाशेजारच्या कागदी रुमालाची त्यांनी घडी घातली, मग त्या घडीची घडी. "मी पुढच्या वर्षी मशीन सोडून कोठारात जाणार होतो," ते म्हणाले. "चादरी मोजून द्यायचं काम. पगार कमी, पण खुर्ची आहे. आठ वर्षं धरून हिशेब केला होता मी."

हे बाईंना माहीत नव्हतं. नवऱ्याची कंबर दुखते हे माहीत होतं. तो खुर्चीची स्वप्नं बघतो हे नव्हतं.

"तुम्हाला खुर्ची मिळेल," त्या म्हणाल्या. आवाज असा, की जणू खुर्चीलाच दम भरताहेत. "आणि माझं घर माझ्या गुडघ्याच्या आधी माझं होईल. हप्ता वाढवायचा. आठ म्हणजे आठ वर्षांत संपवायचं."

रविवारी गव्हर्नर आले आणि ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"वहिनी, हा शुद्ध वेडेपणा आहे. दर उतरताहेत, आणि तुम्ही आत्ता बांधून घेणार? अजून पाव उतरेल, मग अजून पाव. तळाला लागले की उचलायचं."

"तळ कुठे आहे?"

"दिसेल ना."

"कसा दिसेल?"

"दर परत वर जायला लागले, की समजायचं तळ होता."

"म्हणजे तळ निघून गेल्यावर."

यजमानांना जोरात खोकला आला. गव्हर्नरांनी भावाकडे रागाने पाहिलं. "दादा, तू सांग वहिनींना. थांबायला काय पैसे पडतात?"

"पडतात की," बाई म्हणाल्या. "मी विचारून आलेय. जुन्या बँकेत काढलेला प्रत्येक महिना बहुतेक व्याजाच्या घशात जातोय. थांबायचंही भाडं असतं, भाऊजी. ते तुम्ही भरणार आहात का?"

"बरं, हलवा मग. पण मुदत कमी कशाला? उलट नव्या बँकेला सांगा, वीस वर्षं करा. हप्ता बघा कसा खाली येतो! कर्ज फेडून कुणी मोठं झालंय? सगळं जग कर्जावर चालतं."

"जगाचा गुडघा शाबूत असेल," बाई म्हणाल्या. "माझा दाखवू?"

"नको, नको," गव्हर्नर घाईने म्हणाले.

कर्जवालीने अर्ज भरून घेतला. आठ वर्षांत फेडायचं तर हप्ता सव्वापटीच्याही वर जात होता. तो आकडा बघून तिने पेन खाली ठेवलं. "मॅडम, मी नाही म्हणत नाहीये. पण अर्ज केल्यावर हा दर आम्ही महिनाभर राखून ठेवतो. महिन्यात सही करायची. तोवर जरा घरी बसून..."

"बसून नाही," बाई म्हणाल्या. "चालवून बघते."

बाईंची शिकवायची एक रीत होती. नवा माणूस आला, की पहिले दोन दिवस गाडी सुरूच करायची नाही. दारात उभ्या गाडीत बसायचं आणि सगळा रस्ता तोंडाने आणि हातापायांनी चालवायचा. आरसा बघितला, क्लच दाबला, पहिला टाकला, शाळा आली, पाय ब्रेकवर, मुलं गेली, निघालो. येणारे-जाणारे फिदीफिदी हसायचे. बाई त्याला कोरडी फेरी म्हणत. "इथे मेलात तर उठून परत बसता येतं," त्या सांगत. "रस्त्यावर नाही."

तर आता हप्त्याची कोरडी फेरी. महिन्याच्या पहिल्याच दिवशी जुना हप्ता भरला आणि नवा जितका जास्त होणार होता तितके पैसे वेगळे काढले. ते घरात ठेवले तर हात लागणार. म्हणून बाई ते घेऊन थेट नळांच्या दुकानात गेल्या आणि गव्हर्नरांच्या पुढ्यात ठेवले.

"हे काय?"

"गव्हर्नर ना तुम्ही? मग सांभाळा. महिना संपेपर्यंत मी मागितले तरी द्यायचे नाहीत."

"आणि रडलात तर?"

"मी? रडणार?"

गव्हर्नरांनी पैसे ठेवून घेतले. शेजारी एक गिऱ्हाईक नळ फिरवून बघत होतं, त्याला ते म्हणाले, "आमच्या वहिनी आहेत. जगावेगळ्या आहेत. लोक हप्ता कमी करायला धडपडतात, या वाढवायची तालीम करतात."

पहिला आठवडा बाईंनी छाती काढून घालवला. सकाळी एक तास जास्तीचा घेतला, संध्याकाळी एक. दुसऱ्या आठवड्यात भाजी आणि अंडी मोजून आली, यजमान पायी कामावर जायला लागले आणि "व्यायाम होतो" म्हणायला लागले. तिसऱ्या आठवड्यात एका आजोबांना शिकवताना बाईंनी भर चौकात जोरात ब्रेक दाबला आणि गुडघ्यात वीज चमकली. संध्याकाळपर्यंत तो फुगून भोपळ्याएवढा झाला. डॉक्टर म्हणाले, सात दिवस गाडी बंद.

सात दिवस गाडी बंद म्हणजे सात दिवस कमाई बंद. बाई पाय उशीवर ठेवून खिडकीशी बसल्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला शिव्या घालत राहिल्या. घरात जेवण मात्र वेळेवर येत होतं. दूध येत होतं. औषधंही आली.

"कसं भागवताय?" त्यांनी विचारलं.

"भागतंय," यजमान म्हणाले आणि औषधाच्या रिकाम्या पाकिटाची घडी घालायला लागले.

रविवारी गव्हर्नर आले तेच हसू दाबत. तब्येत विचारली, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "मग? कोरडी फेरी कशी चाललीय?"

"उत्तम."

"हो का? मग बुधवारी दुकानात येऊन 'थोडे दे रे, औषध आणायचंय, हिला सांगू नकोस' असं म्हणून गेला, तो कोण माझ्याच भावासारखा दिसणारा?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पडद्याकडे पाहिलं.

"तुम्ही पैसे काढलेत?"

"काढले."

"मला न सांगता!"

"सांगितलं असतं तर तू औषध घेतलं नसतंस. गुडघ्याला दम भरून चालायला लागली असतीस."

"फेरी मोडलीत तुम्ही! सगळ्यावर पाणी फिरवलंत!"

बाईंचा आवाज चढला तसा गव्हर्नर खुर्चीसकट मागे सरकले. यजमान सरकले नाहीत. तीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच ते बायकोपेक्षा मोठ्याने बोलले. "मोडायलाच होती ना ती? तूच सांगतेस ना सगळ्यांना, इथे मेलात तर उठून परत बसता येतं? मग मेलो आपण इथे! बरं झालं इथे मेलो! तेव्हा तू एकटीने बँकेत हात आपटलास आणि मी इथे टाळ्या वाजवल्या. या वेळी नाही वाजवणार. आठ वर्षांचा हप्ता आपल्याला झेपत नाही. एक गुडघा सुजला तर झेपत नाही. दहा वर्षं कर."

"दहा म्हणजे मी त्रेसष्ट."

"मी सहासष्ट. कोठारात खुर्चीवर बसून भरीन शेवटचे. त्या कामाला वय विचारत नाहीत. चादरी मोजता आल्या म्हणजे झालं."

बाईंच्या नाकपुड्या फुगत होत्या आणि बसत होत्या. दहा वर्षांचा हप्ता त्यांना तोंडपाठ होता, कर्जवालीने तोही काढून दिला होता. आत्ताच्या हप्त्यापेक्षा पाचव्या हिश्शाने जास्त. असा आठवडा पुन्हा आला तरी औषध आणता आलं असतं.

"दहा," त्या म्हणाल्या.

यजमानांना आपण जिंकलो हे समजायला थोडा वेळ लागला.

"वा!" गव्हर्नर पुढे सरकले. "वहिनी समजूतदारपणावर आल्या. मग आता तारखेचंही ऐका. अजून दोन महिने थांबा, दर ठरवायची पुढची बैठक होऊ दे..."

"वर्षं यांची," बाई म्हणाल्या. "तारीख माझी. उद्या."

"उद्या? अहो, गुडघा बघा!"

"गुडघा बघूनच म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी काठी टेकत बाई जुन्या बँकेत गेल्या. काउंटर तोच होता, साहेब नवा होता. कर्ज बंद करायचा हिशेब मागताच त्याने हसून खुर्ची दिली.

"मॅडम, इतक्या वर्षांचं नातं! असं तोडायचं? आम्हीही दर कमी करू शकतो. आत्ता, इथल्या इथे. आणि आनंदाची बातमी म्हणजे तुमचा हप्ताही कमी होईल!"

"हप्ता वाढवा."

"हो, कमी... काय म्हणालात?"

"वाढवा. नवा दर आणि दहा वर्षं. सोळा नाही."

साहेबाने स्क्रीनकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. "पण इथे तुमचीच सूचना आहे, कोणत्याही परिस्थितीत..."

"ती बाई वेगळी होती. तिला काही कळत नव्हतं आणि तिला तुम्ही कळूही दिलं नाहीत. तुमच्या साहेबाने तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं: बाई, हप्ता नाही वाढला तर वर्षं वाढतील. एवढंच. मी हात आपटला म्हणून तो गप्प बसला. हात आपटणाऱ्या बाईशी वाद नको, होऊ दे तिचं वाटोळं. असंच ना?"

रांगेतल्या दोन बायका पुढे सरकल्या. एकीने पर्समधून फोन काढला आणि स्वतःचे मेसेज वर-खाली करायला लागली.

"मॅडम, आवाज जरा..."

"आवाज आहे तेवढाच आहे. कमी करायची सूचना टाकून बघा, होतो का."

साहेबाने घाम पुसला. "दर आज कमी करून देतो. मुदतीचं पुढच्या तिमाहीत बघू. वरून मंजुरी लागते. तोपर्यंत थांबलात तर..."

"आज होईल?"

"आज नाही होणार."

"मग हिशेब काढा."

हिशेब निघाला. यजमान आले, दोघांनी कर्जवालीच्या टेबलावर सह्या केल्या. यजमानांनी आपली प्रत हातात घेतली आणि सवयीने घडी घालायला लागले, तेव्हा बाईंनी ती काढून घेतली. "ही सरळ राहू दे." बाहेर येताना त्यांनी काठी नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याच्या दंडाला धरून पायऱ्या उतरल्या. नवा हप्ता पुढच्या महिन्यापासून जायला लागला, पाचव्या हिश्शाने वाढलेला. जास्तीचे तास बाईंनी बंद केले. सकाळी एक नवी तुकडी मात्र सुरू केली, कोरड्या फेरीची, सगळेच्या सगळे उभ्या गाडीत. गुडघ्याला तेवढं चालत होतं.

दोन महिन्यांनी दर आणखी पाव टक्का उतरले.

गव्हर्नर रविवारची वाट न बघता मंगळवारीच आले. दारातूनच बोट वर करून. "सांगितलं होतं की नाही? सांगितलं होतं की नाही मी? थांबला असतात तर! बसा, मी हिशेब करून आलोय, तुमचा किती तोटा झाला तो."

यजमान आतून बाहेर आले. दारात गाडी उभी होती, तिच्यात एक मुलगा हवेत गिअर टाकत बसला होता आणि त्याच्या शेजारी बाई होत्या. त्यांनी काच खाली केली.

"किती झाला?"

गव्हर्नरांनी आकडा सांगितला.

"वर्षाचा?"

"वर्षाचा."

"एवढाच? मी जास्त धरला होता." बाई मुलाकडे वळल्या. "आरसा बघितलास का? नाही. मेलास. परत सुरू कर." मग पुन्हा खिडकीतून: "भाऊजी, त्रेसष्टाव्या वर्षी माझ्या दारात कुणी बँकवाला येणार नाही. त्याचे एवढे पडतात म्हणता? द्यायला तयार आहे मी. अजून उतरले, तर अजून एकदा येऊन सांगा. रोज या. हसेन मी तुमच्याबरोबर."

"आणि चढले तर?" यजमानांनी मागून विचारलं. ते पायरीवर बसले होते, हात मोकळे सोडून.

"चढले तर हे येणारच नाहीत हो," बाई म्हणाल्या. "तेव्हा आपणच जाऊ यांच्या दुकानात. नळ बघायला."